पत्र मुलाच्या नावे, वाचलं आईनं

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि कुणाचंही नाव दिलेलं नाही. मी त्या वेळी आमच्या मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, वडील मंडळाचा चिटणीस होतो. 'वडील' म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ सभासद. ज्या पत्रानं हे प्रकरण चिघळलं ते माझ्याच हातचं होतं, त्यामुळे इथे तटस्थपणाचा आव आणत नाही.)

पार्श्वभूमी

आमच्या मंडळीत वेगवेगळ्या परंपरांतून आलेली कुटुंबं एकत्र उपासना करतात. बाप्तिस्मा कधी आणि कसा द्यायचा इथपासून मतभेद आहेत, पण ते न उकरता वर्षानुवर्षं निभावून नेले होते. तारण, म्हणजे येशूवरच्या विश्वासानं मिळणारी पापातून सुटका आणि सार्वकालिक जीवन, गमावता येतं का, हा त्यांतलाच एक. त्यावर प्रवचन झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

ज्यांच्याबद्दल हे प्रकरण आहे त्यांना 'शिक्षक' म्हणतो. तरुणपणी बाप्तिस्मा घेतलेला, पुढे बावीस वर्षं रविवारच्या शाळेत शिकवलेलं. वडील मंडळातल्या दोघांची मुलं त्यांच्याकडेच वचनं पाठ करत मोठी झाली. चाळिशी उलटून बरीच वर्षं झाल्यावर त्यांनी आधी शिकवणं थांबवलं, मग प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला) घेणं, मग येणंच. दोन वर्षांनी तीन ओळींचं पत्र आलं: येशूवर माझा आता विश्वास राहिलेला नाही. असल्याचं सोंग मला जमत नाही. सभासदांच्या नोंदवहीतून माझं नाव कमी करावं.

भांडण नव्हतं, पैशाची भानगड नव्हती, लपवलेलं पाप नव्हतं. आम्हाला मात्र कारण हवं होतं, कारण सापडलं की माणूस समजल्यासारखा वाटतो. पाळकसाहेब भेटून आले तेव्हा शिक्षकांनी एवढंच सांगितलं, "मोठं काही घडलं नाही. एका रात्री प्रार्थना करताना जाणवलं, मी स्वतःशीच बोलतोय. नंतर तेही थांबलं."

त्यांच्या आई त्यांच्याच घरी राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, पती जाऊन बरीच वर्षं झालेली. उपासना संपल्यावर त्यांनी पाळकसाहेबांना दारातच गाठलं. "पाळकसाहेब, एकच सांगा. माझा मुलगा तारलेला आहे की नाही?"

पाळकसाहेब म्हणाले, "वडील मंडळाशी बोलून सांगतो."

पहिली चूक इथे झाली. एका आईनं दारात विचारलेला प्रश्न आम्ही विषयपत्रिकेवर घातला, तोही चौथ्या क्रमांकावर, इमारत दुरुस्तीच्या खाली.

नेमका पेच

बैठकीत पाळकसाहेब, मी आणि तीन वडील होतो. तिघांची तीन मतं, आणि तिघांनाही पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आधार सापडत होता.

पहिले वडील सुधारित, म्हणजे कॅल्विनच्या शिकवणीतून आलेल्या, परंपरेतले. ज्यांना देवानं खरोखर नवा जन्म दिला त्यांना तो शेवटपर्यंत राखतो, ही त्यांची भूमिका: माझ्या हातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही (योहान १०:२८), ज्यानं चांगलं काम आरंभलं तो ते सिद्धीस नेईल (फिलिप्पै १:६). खरा विश्वासणारा घसरेल, गंभीर पापातही पडेल, पण कायमचा सुटणार नाही, हे नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेनं १६१८-१९ मध्ये ठरवलं. मग जो सोडूनच गेला त्याचं काय? त्यांनी १ योहान २:१९ काढलं: ते आपल्यातून निघाले, पण ते आपले नव्हतेच.

दुसरे वडील मेथडिस्ट घरातले, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या शिकवणीवर वाढलेले. कृपा बळजबरी करत नाही, ती धरून ठेवावी लागते, सोडताही येते. "द्राक्षवेलाची फांदी बाहेर टाकली जाते," त्यांनी योहान १५:६ दाखवलं. "बाहेर टाकायला ती आधी वेलावर हवी ना? बावीस वर्षं हा माणूस वेलावर होता. आज नाही."

तिसरे वडील 'एकदा तारण, कायमचं तारण' मानणारे. लेकरू घर सोडून गेलं म्हणून लेकरू असायचं थांबत नाही. प्रतिफळ जाईल, जीवन जाणार नाही. त्यांनी तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रातलं २:१३ वाचलं: आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो. दुसऱ्या वडिलांनी पान न उलटता त्याच्या आदलंच वचन वाचलं: आपण त्याला नाकारलं तर तोही आपल्याला नाकारील. त्यानंतर काही वेळ कुणी बोललं नाही.

पहिल्या आणि तिसऱ्या मताला लोक सर्रास एकच समजतात, आणि इथेच निम्मा गोंधळ होतो. पहिलं मत म्हणतं, खरा विश्वासणारा विश्वास ठेवायचं कायमचं थांबवणारच नाही. तिसरं म्हणतं, थांबवलं तरी चालेल. डॉर्टनं अविश्वासात जगणाऱ्या कुणालाही सुरक्षिततेचा दाखला दिलेला नाही.

वादही काही आमच्यापासून सुरू झालेला नाही. लूथरपंथीयांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीनं तारण पावलेला पवित्र आत्म्याला गमावूच शकत नाही हे मत धुडकावलं. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेनं १५४७ मध्ये सांगितलं की अविश्वासानं तर कृपा जातेच, पण इतर प्राणघातक पापानंही जाते. डच धर्मशास्त्री आर्मिनियसच्या अनुयायांनी (डॉर्टची सभा यांच्याच विरोधात भरली) १६१० च्या आपल्या निवेदनात चार मुद्द्यांवर ठाम मत दिलं आणि नेमक्या या पाचव्या मुद्द्यावर लिहिलं की शास्त्राचा आणखी शोध घ्यायला हवा. त्यांचं मत पुढे ठाम झालं, पण ती पहिली कबुली मला आवडते. आम्ही मात्र दीड तासात निकाल लावायला बसलो होतो.

त्या बैठकीत एक गोष्ट आमच्या हातातून निसटली. शिक्षकांच्या आजच्या स्थितीबद्दल पहिल्या आणि दुसऱ्या वडिलांत काडीचाही फरक नव्हता. दोघांच्याही मते ते आज बाहेर होते, त्यांना परत बोलवायला हवं होतं आणि परत येणाऱ्याला मज्जाव नव्हता. फरक होता तो भूतकाळाबद्दल: त्या बावीस वर्षांत जे होतं ते हरवलं, की ते कधी नव्हतंच? आम्हाला तो तात्त्विक तपशील वाटला. त्या घरात नंतर दुखलं ते तिथेच.

आमच्यापुढचे मार्ग

पहिल्या वडिलांना मत्तय १८ प्रमाणे जाहीरपणे नाव कमी करायचं होतं. मला ते पटलं नाही. त्या अध्यायातली पद्धत अपराध करून न ऐकणाऱ्या भावासाठी आहे, आणि इथे अपराध कोणता हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तिसरे वडील म्हणत होते, नाव ठेवा, काळ जाऊ द्या. ते ऐकायला प्रेमळ होतं, पण स्पष्ट 'नाही' लिहून देणाऱ्याचं 'नाही' आम्ही ऐकलंच नाही असा त्याचा अर्थ झाला असता. पाळकसाहेबांना निर्णय लांबवून आणखी काही महिने नुसतं भेटत राहायचं होतं. त्यांनी येशूचा शिष्य थोमा याची आठवण करून दिली. येशू पुन्हा उठला यावर पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असं म्हणणारा थोमा आठ दिवसांनी दार बंद असतानाही आतच होता (योहान २०:२६), म्हणजे बाकीच्यांनी त्याला घालवलं नव्हतं. पण त्यांनी हे हळू आवाजात मांडलं आणि आग्रह धरला नाही.

उरला मधला मार्ग: इशाऱ्याचं पत्र आणि तीन महिन्यांची मुदत. मधला म्हणून सगळ्यांना शहाणपणाचा वाटला. मसुदा माझ्याकडे आला.

काय केलं

मी इब्री ६:४-६ पूर्ण उतरवून काढलं: ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले आणि तरी पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे. त्याखाली इब्री १०:२६-२९, जाणूनबुजून पाप करत राहणाऱ्यांना न्यायाची भीती घालणारं. शेवटी 'अजून वेळ आहे' असं एक वाक्य. अशक्य आहे असं सांगून लगेच वेळ आहे असं लिहिताना माझी लेखणी अडखळली नाही, याचं आज नवल वाटतं.

खरं तर त्या वचनांच्या अर्थावरही एकमत नाही. सहाव्या वचनात पतितांविषयी पुढे येणारं '(ख्रिस्ताला) वधस्तंभावर पुन्हा खिळतात' हे क्रियापद मूळ ग्रीकमध्ये चालू क्रिया दाखवणाऱ्या रूपात आहे, म्हणून काही अभ्यासक म्हणतात की माणूस ख्रिस्ताला नाकारत राहतो तोवरची ही अशक्यता आहे. काहींच्या मते ती कायमची आहे. पत्रात यातलं काही नव्हतं.

पत्रावर पाळकसाहेबांची सही झाली. पाकिटावर मंडळीचा शिक्का मारला.

पत्र पोचल्यावर

ते पोचलं तेव्हा शिक्षक कामावर गेले होते. शिक्का ओळखीचा, म्हणून आईंनी पाकीट उघडलं.

शिक्षकांवर पत्राचा काहीही परिणाम झाला नाही, आणि होणार तरी कसा? ज्याला न्यायनिवाडा होणार असं वाटतच नाही, त्याला न्यायाची भीती घालून काय साधणार? परिणाम झाला तो आईंवर.

पुढच्या प्रभुभोजनाला मी भाकरीचं ताट फिरवत होतो. आईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, क्षणभर मांडीवर धरलं आणि तसंच शेजारच्या बाईंकडे दिलं. प्यालाही पुढे गेला. तब्येत असेल, असं मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या महिन्यातही तेच. तिसऱ्या महिन्यात पाळकसाहेब घरी गेले, तेव्हा कधीच कुणाला न सांगितलेली गोष्ट आईंनी सांगितली. पती गेल्यावर दीड वर्ष त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. चर्चला येत होत्या, ओठांनी गात होत्या, घरी देवाचं नावही घेत नव्हत्या. मग केव्हातरी, कसं ते त्यांना सांगता येईना, पुन्हा प्रार्थना सुरू झाली.

"पत्रात लिहिलंय, परत आणणं अशक्य," त्या म्हणाल्या. "मग मी परत आले ती कुठे आले? इतकी वर्षं भाकर घेतली ती कुणाची?"

दारात त्यांनी विचारलेला प्रश्न एकच नव्हता. मुलाच्या आडून त्या स्वतःबद्दलही विचारत होत्या, आणि आम्ही टपालानं दिलेलं उत्तर त्यांना दोन्हीकडून लागलं होतं.

पाळकसाहेबांनी पुढच्या बैठकीत आम्हाला फ्रान्चेस्को स्पिएराची हकीकत सांगितली. सोळाव्या शतकातला हा इटालियन वकील. त्यानं कॅथलिक धर्मन्यायालयाच्या चौकशीच्या दबावाखाली आपली प्रॉटेस्टंट मतं जाहीरपणे मागे घेतली आणि देवानं आपल्याला टाकलं अशी त्याची खात्री पटली. भेटायला येणारे वचनामागून वचन सांगत होते आणि प्रत्येक दिलासा तो परतवून लावत होता. १५४८ मध्ये तो त्याच निराशेत मेला. "तेव्हा आईंना 'तुम्हाला भीती वाटते म्हणजे तुम्ही वाचलेल्या आहात' एवढं सांगून भागणार नाही," पाळकसाहेब म्हणाले. "भीती स्पिएरालाही वाटत होती."

त्याऐवजी ते दर आठवड्याला आईंकडे जाऊ लागले. वाद न घालता बसायचे. कधी येशूचा शिष्य पेत्र याच्याबद्दल बोलायचे, ज्यानं तीनदा नाकारलं आणि ज्याच्यासाठी प्रभूनं आधीच प्रार्थना केली होती की तुझा विश्वास ढळू नये (लूक २२:३२). कधी जुन्या मंडळीबद्दल. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसच्या फर्मानानंतर हजारोंनी मूर्तींपुढे बळी दिले किंवा दिल्याचे दाखले मिळवले. त्यातले पुष्कळ जण नंतर परत आले, आणि त्यांना घ्यायचं की नाही यावर मंडळी फुटली. रोमच्या नोवाशियननं दार बंद केलं, कार्थेजचा बिशप सिप्रियन यानं पश्चात्तापाची वाट ठेवली. पुढे ३२५ च्या निकिया परिषदेनं छळाशिवायच विश्वास सोडलेल्यांसाठी बारा वर्षांची वाट आखून दिली: तीन वर्षं ऐकणाऱ्यांत, सात वर्षं दंडवत घालणाऱ्यांत, दोन वर्षं प्रार्थनेत सहभाग पण प्रभुभोजन नाही. बारा वर्षं आज आपल्याला कठोर वाटतात. आईंनी मात्र दुसराच हिशेब केला. "म्हणजे तेराव्या वर्षी घेत होते," त्या म्हणाल्या. "माझं तर दीडच वर्ष होतं."

तरी ताट पुढे जातच राहिलं. गाठ सुटली ती आमच्यापैकी कुणामुळे नव्हे.

एका रात्री शिक्षकांनी आईंना ते पत्र हातात घेऊन बसलेलं पाहिलं. त्यांनी ते पहिल्यांदाच नीट वाचलं. मग आतल्या खोलीतून आपलं जुनं पवित्र शास्त्र आणलं, इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय काढला आणि बोट ठेवलं. "आई, यांनी मध्येच थांबवलंय. नववं वचन वाच."

नवव्या वचनात लेखकाचा सूर पालटतो. प्रिय जनहो, आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याविषयी याहून चांगल्या, तारणाच्या गोष्टींची आमची खात्री आहे, असं तो म्हणतो. समासात शिक्षकांच्याच अक्षरात, कधीकाळच्या एखाद्या धड्यासाठी, निळ्या शाईत लिहिलेलं होतं: 'इशारा अजून आत बसून ऐकणाऱ्यांना. ढकलायला नाही, धरायला.'

"माझा यावर विश्वास नाही," शिक्षक आईंना म्हणाले. "पण लिहिलंय ते असं आहे. यांनी अर्धंच पाठवलं."

आईंनी हे पाळकसाहेबांना सांगितलं तेव्हा त्या रडत नव्हत्या, चांगल्याच रागावलेल्या होत्या. पाळकसाहेबांना ते शुभचिन्ह वाटलं. पाचव्या महिन्यात आईंनी भाकर घेतली.

निष्पत्ती

मी पत्र परत घ्यायला स्वतः गेलो आणि दोघांची माफी मागितली. शिक्षकांनी ती शांतपणे ऐकून घेतली. त्यांची एकच अट होती. "नाव काढा. पण हा मुळात नव्हताच, असं लिहू नका. त्या मुलांना मी खोटं शिकवलं नाही. तेव्हा मी मानत होतो."

पहिल्या वडिलांना हे जड गेलं, कारण त्यांच्या शिकवणीचा ओघ नेमका त्याच वाक्याकडे जात होता. ते दोन आठवडे विचार करून आले आणि डॉर्टचाच मजकूर बरोबर घेऊन आले. तिथे तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाच्या पंधराव्या कलमात म्हटलं आहे की जे विश्वासाची कबुली देतात आणि नीट वागतात त्यांच्याविषयी चांगलंच बोलावं, कारण हृदयाचं अंतरंग आपल्याला ठाऊक नसतं. "बावीस वर्षं तो कबुली देत होता," ते म्हणाले. "त्या वर्षांबद्दल मी निकाल देणार नाही. तो माझा अधिकार नाही." स्वतःचं मत तसूभरही न सोडता ते इथवर आले, याचा मला आजही आदर वाटतो.

नोंदवहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात तारीख आणि दोन शब्द लिहिले: 'स्वतःच्या विनंतीवरून.'

आईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाळकसाहेबांनी शेवटी दिलं, सात महिन्यांनी. "आई, आज तो विश्वासात नाही. तो स्वतः तसं सांगतो, आणि त्याच्या तोंडात मी वेगळे शब्द घालणार नाही. शेवट मला दिसत नाही. पण तो परत आला तर त्याला घालवा, असं आमच्या तिघांपैकी एकही वडील म्हणत नाही." आईंनी विचारलं, "आणि नाही आला तर?" पाळकसाहेब गप्प राहिले, आणि मला वाटतं तेच बरं झालं.

शिक्षक परत आलेले नाहीत. आईंची नजर आता अधू झाली आहे, म्हणून रोज रात्री ते त्यांना एक अध्याय वाचून दाखवतात. यावर तिसऱ्या वडिलांचं म्हणणं, बघा, मी सांगत होतोच. दुसरे वडील म्हणतात, हे आईवरचं प्रेम आहे, विश्वास नव्हे. शिक्षकांना विचारलं तर तेही दुसऱ्या वडिलांच्याच बाजूचे.

पुन्हा अशी वेळ आली तर

दारातल्या प्रश्नाला दारातच उत्तर द्यायला हवं होतं, किंवा निदान "आई, हे तुम्ही कुणासाठी विचारताय?" एवढं तरी. सोडून गेलेला माणूस हा प्रश्न सहसा विचारत नाही. विचारतात ते मागे राहिलेले, आणि ज्यांना आपणही घसरत आहोत अशी भीती असते ते. यहूदाच्या पत्रातलं २२वं वचन संशयात असलेल्यांवर दया करा असं सांगतं. आम्ही संशयी आणि सोडून गेलेला यांना एकाच पाकिटात घातलं.

इशारा लिहून पाठवू नये, असं मी म्हणणार नाही. इब्री लोकांस पत्र हाही लेखीच इशारा आहे. पण तो अख्खा वाचायचा आहे, आणि लिहिणारा आपल्या वाचकांना ओळखत होता. मी ओळखत नव्हतो, निदान पाकीट उघडणाऱ्या बाईंना तरी नाही.

तिसऱ्या वडिलांचं ऐकून आम्ही आईंना "निर्धास्त राहा" म्हटलं असतं तर त्या कदाचित एकही प्रभुभोजन चुकल्या नसत्या. हे मान्य करायला हवं. पण त्यांची स्वतःची दीड वर्षांची गोष्ट मग कधीच बाहेर आली नसती, आणि मुलाचं 'नाही' घरात कुणी खरं मानलं नसतं. यात तोलून कोणतं जड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक बाजू आम्ही अजिबात हाताळली नाही: बावीस वर्षांचे विद्यार्थी. त्यांच्याशी कुणी बोललं नाही. शेऱ्याचे दोन शब्द त्यांच्यापर्यंत पोचले ते कुजबुजीतून. त्यांतला एक जण आता तोच वर्ग शिकवतो. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सरांनी शिकवलेलं मी पुढे शिकवू की नको?" मी त्याला उत्तर दिलं नाही, शिक्षकांकडेच पाठवलं. तो गेला आणि दोन तास बसला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी तो वर्गावर हजर होता, आणि हातात समासात निळ्या शाईनं लिहिलेलं पवित्र शास्त्र होतं.